मागच्या रांगेतली टाच

मास्तरांनी ब्लेडचे टोक लाल पट्टीच्या कडेखाली सरकवले, एक टाका उचलला, तोडला आणि पुढच्या टाक्यासाठी श्वास रोखला. कोटाची डावी बाही त्यांच्या मांडीवर पालथी पडली होती. समोरच्या स्टुलावर हवालदार गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, वस्तरा गळ्याशी आल्यावर माणूस बसतो तसा, जराही न हलता.

"दुखतंय का?" मास्तर मान वर न करता म्हणाले.

"काय?"

"चेहरा असा केलाय, म्हटलं मी कापड उसवतोय की तुम्हाला."

हवालदार हसला. पलटणीच्या शिंप्याच्या या खोलीत तो बावीस वर्षांत पाचदा आला होता; दर चार वर्षांच्या नोकरीमागे डाव्या बाहीवर एक तिरकी पट्टी चढे, तेवढ्यापुरता. वर्तन स्वच्छ असले तर पट्टी सोनेरी जरीची. नावावर शिक्षा लागली की जुन्या-नव्या साऱ्या पट्ट्या लाल. मग सलग बारा वर्षे डाग न लागता गेली, तरच साऱ्या पुन्हा एकदम सोनेरी. कागदावर लाल पट्टी हीसुद्धा सेवेचीच खूण होती, फक्त रंग निराळा. पण तो रंग माणसाच्या आधी खोलीत शिरायचा. नवा शिपाई समोरून येताना आधी बाही बघायचा, मग चेहरा. आणि त्या दोन नजरांच्या मधल्या जागेत त्याचा सलाम किंचित सैल पडायचा. तक्रार करण्याइतका नाही. मोजता येईल इतकाच.

पाचवी पट्टी सुटली. मास्तरांनी बाही खिडकीच्या उजेडात धरली. विटलेल्या कापडावर पाच तिरक्या, गडद, कोऱ्या रेघा उमटल्या होत्या.

"हे बघा. बाहेरचं कापड उन्हानं गेलं. लालच्या आड होतं ते जसंच्या तसं राहिलं."

"सोनेरी लावल्यावर दिसेल?"

"सोनेरी पट्टी दोराभर अरुंद असते. कड दिसेल थोडी. पण एवढं जवळ येऊन कोण बघतंय हो?"

"खरंय," हवालदार म्हणाला. "जवळ येऊन कोणी नाही बघत."

मास्तरांनी पाय चालवला. मशीन दोन फेऱ्या नीट धावले आणि मग कुठेतरी आत बारीक कुरकुरले.

"पट्टा सैल झालाय. आणि गंमत सांगतो, हे मला कुणी सांगितलं? तुमच्या ड्रायव्हरनं! परवा ट्रक घेऊन रस्त्यावरून चालला होता. वरूनच ओरडला, मास्तर, मशीनचा पट्टा बघा. इंजिन चालू, मी इथं आत, आणि याला ऐकू गेलं. काय कान आहेत का काय!"

हवालदाराने मान हलवली आणि उसवलेल्या लाल पट्ट्या गोळा करून खिशात टाकल्या. सोंग चांगले वठवतो बिचारा, त्याच्या मनात आले. साऱ्या पलटणीत ही गोष्ट फक्त त्याला एकट्याला ठाऊक होती, आणि गेली बारा वर्षे त्याने ती जिवापाड जपली होती.

*

हवालदार दोनदा पळाला होता. पळाला हा कागदावरचा शब्द. तो पळत कधीच नसे, नुसता जात असे. पहिल्या खेपेला नऊ दिवस, दुसऱ्या खेपेला तेवीस. दोन्ही वेळा तो सापडला तो कुठल्याशा गावात, बसस्टँडसमोरच्या लॉजमध्ये, खिडकीशी खुर्ची ओढून बसलेला. दारू नाही, बाई नाही, कुणाशी भांडण नाही. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने तीन वेळा विचारले, "मग गेलास कशाला?" त्याला सांगता आले नाही. आपण इथे नसलो तरी काही अडत नाही, ही गोष्ट बराकीत रोज उठून सोसण्यापेक्षा ती जिथे साहजिकच असते अशा गावी जाऊन बसावे, एवढेच त्याला त्या खुर्चीत बरे वाटे. हे अर्जात लिहिण्याजोगे कारण नव्हते. दुसऱ्या खेपेनंतर बायको मुलीला घेऊन भावाकडे गेली. तिने निदान जाण्याआधी चिठ्ठी ठेवली होती.

कोठडीतून सुटून तो बराकीत परतला, त्याच आठवड्यात त्याने पिशवी तिसऱ्यांदा भरली. साबण, टॉवेल, दोन सदरे. गुरुवारची दुपार होती. पिशवी पायांशी ठेवून तो खाटेवर बसला असताना ड्रायव्हर आला आणि समोरच्या खाटेवर टेकला. दोन खाटा पलीकडे झोपणारा माणूस, एवढीच ओळख. त्याचीही बाही लालच होती, पिऊन ट्रक खड्ड्यात घातल्यामुळे. त्याने पिशवीकडे पाहिले आणि पाहिलेच नाही असे केले.

"एक काम होतं तुझ्याकडे. कुणाला बोलणार नसशील तर सांगतो."

"कुणाला बोलणार? माझ्याशी बोलतं कोण?"

"म्हणून तर तुझ्याकडे आलो."

मग त्याने आवाज खाली आणून सांगितले. गोळीबाराच्या सरावात कान गेले होते. डावा पुरता. उजव्यात जवळचे तेवढे येते. मैदानावर सुभेदारांचा हुकूम म्हणजे नुसता वारा. डॉक्टरला कळले तर उद्या गाडी काढून घेतील आणि परवा घरी पाठवतील.

"तू परेडला माझ्या डावीकडे असतोस. हुकूम आला की करंगळी लाव माझ्या मनगटाला. बस, एवढंच. शनिवारी तू नसलास तर मी मेलो बघ."

हवालदार शनिवारपर्यंत थांबला. मग पुढच्या शनिवारपर्यंत. पिशवी कधी रिकामी केली हे त्याला आठवत नाही. ती एकदम रिकामी झालीच नाही. आंघोळीला साबण लागला म्हणून तो काढला, थंडी पडली तेव्हा सदरा. वर्षाने कधीतरी खाटेखालून नुसते कापड निघाले. अंगात सणकून ताप असताना तो परेडला उभा राहिला. रजा मंजूर असताना शुक्रवारी संध्याकाळीच परतला. मैदानावर साठ टाचा एकदम वाजत आणि त्यांतली एक, खिळा ढिला झालेल्या नालेची, टणत्कारत येणारी, आपल्या करंगळीवरून निघाली आहे हे एका माणसाला ठाऊक असे. आठवड्यातून एकदा, तासभर. तेवढ्यावर आठवडा निघे.

बाकीच्या वेळी तो ड्रायव्हरच्या उजव्या बाजूला बसे आणि मोठ्याने बोले. वैद्यकीय तपासणीतून दर वर्षी कसा सुटतोस, असे त्याने एकदा विचारले होते. "डॉक्टरचे ओठ जाड आहेत," ड्रायव्हर म्हणाला, "वाचायला सोपे." आणि इंजिनातला बिघाड कसा कळतो? "पायाच्या तळव्यांनी ऐकतो, लेका."

सात वर्षांपूर्वी ड्रायव्हर एका अधिकाऱ्याच्या तोंडावर बोलू नये ते बोलला आणि त्याची बारा वर्षे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. हवालदाराची मात्र या महिन्यात भरली. आणि पलटणीचा रिवाज असा, की परेडला सोनेरी बाह्या पुढे, लाल मागे.

*

मोटारखान्यात ड्रायव्हर ट्रकच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरला होता. हवालदार वळसा घालून त्याच्या उजवीकडे गेला.

"पट्ट्या लागल्या!" तो जोरात म्हणाला.

ड्रायव्हर बाहेर आला. हात पुसत त्याने कोटाची बाही दोन बोटांत धरली, तेल लागणार नाही अशा बेताने.

"वा! आता तुझ्याशी बोलायला चिठ्ठी पाठवावी लागणार."

"थट्टा सोड. शनिवारी मी पुढच्या रांगेत. तुझं काय?"

"माझं काय? मी मागच्या. जागा ठरलेली आहे आपली, कुणी घेत नाही."

"मी सुभेदारसाहेबांना भेटतो. म्हणतो मागेच राहू द्या."

ड्रायव्हरने फडके बंपरवर आपटले. "वेड लागलंय का? बारा वर्षं काय तुला मागे उभं राहण्यासाठी सांभाळलं?"

"म्हणजे?"

"म्हणजे... तू मला सांभाळलंस. तेच म्हणतोय. बोलताना पुढचं मागं होतं." तो पुन्हा बॉनेटकडे वळला. "पाना दे तो. मोठा."

हवालदाराने पाना दिला. "वार्षिक तपासणी आहे शनिवारी. मोठे साहेब येणार. एक टाच उशिरा पडली तरी..."

"बघू. वारा कमी असेल."

"मी टाच जोरात मारीन," हवालदार म्हणाला. ही युक्ती त्याला दोन रात्री झोप न आल्याने सुचली होती. "सगळ्यांत जोरात. जमिनीतून येईल तुला. तळव्यांना."

 बॉनेटखालून नुसता पाना फिरल्याचा आवाज येत राहिला.

"येईल," ड्रायव्हर शेवटी म्हणाला. "तसंच कर."

हवालदार तरीही सुभेदारांकडे गेला. सुभेदारांनी अर्ज वाचला, उलटा करून मागे काही लिहिले आहे का तेही पाहिले.

"एवढी वर्षं मागे उभं राहून पाय रुजले का तिथं? लोक पुढे येण्यासाठी अर्ज करतात, हवालदार."

"सवय झालीय साहेब."

"मग मोडा." त्यांनी कागद परत दिला, आणि मग, जरा मऊ आवाजात, "बसा ना. उभे का?" असे म्हणाले. त्यांनी त्याला बसायला सांगितले ते बावीस वर्षांत पहिल्यांदा. हवालदार खुर्चीच्या कडेवर टेकला. 

संध्याकाळी त्याने बहिणीला फोन केला. सांगायला दुसरे कुणी आठवेना.

"ताई, माझ्या पट्ट्या सोनेरी झाल्या."

"म्हणजे बढती मिळाली?"

"बढती नाही. रंग बदलला."

"बरं." पलीकडे भांड्यांचा आवाज झाला. "धुण्यात जाणार नाही ना रे रंग?"

"नाही, ताई. पक्का आहे."

भोजनगृहात कोठीवाल्याने पायाने खुर्ची बाहेर ढकलली. हा त्याच्या बरोबरच भरती झालेला; त्याच्या पट्ट्या पहिल्यापासून सोनेरी. "ये, बस," तो म्हणाला, जणू कालही असेच म्हटले होते. टेबलावरच्या लोकांनी त्याला मीठ दिले, पाणी दिले, एका जुन्या मेजरचा किस्सा सांगितला. सारे हसले. हवालदार हसला तो अर्ध्या क्षणाने मागून. त्या टेबलावर हसण्याचाही एक हुकूम होता आणि तो त्याला ऐकू येत नव्हता. पलीकडे भिंतीशी ड्रायव्हर एकटा जेवत होता, ताटात बघत, आणि त्याच्या उजव्या हाताची खुर्ची रिकामी होती.

*

शनिवारी वारा होता.

हवालदार पुढच्या रांगेत उभा राहिला आणि त्याला प्रथम जाणवले ते हे, की समोर मान नाही. इतकी वर्षे त्याच्यापुढे कुणाची ना कुणाची मान होती. तिच्यावरचे तीळ, केस, घामाचा ओघळ हेच त्याचे मैदान. आता समोर सगळे उघडे होते. चुन्याची रेघ, ध्वजाचा खांब, मंडप, मंडपातल्या खुर्च्या. आणि पाठीमागे, कुठेतरी डाव्या टोकाला, न दिसणारा एक माणूस. त्याच्या डाव्या मनगटापाशी आज नुसती हवा असेल.

उजव्या हाताची करंगळी आपोआप बाहेर निघाली होती. त्याने ती आत घेतली.

मोठ्या साहेबांची गाडी फाटकातून वळली. सुभेदार दोन पावले पुढे आले. त्यांनी छाती भरून घेतली.

"परेऽऽड..."

आता. आता तो शब्द येईल आणि वारा तो खाऊन टाकील. हवालदाराने साऱ्या अंगाचा जोर डाव्या पायात गोळा केला. इतक्या जोरात मारायची की मैदानाच्या पोटातून जावी. इतक्या ठरल्या वेळी, की अर्धा क्षणही त्याच्या वाट्याला कमी पडू नये. गाडी थांबायला वेळ लागत होता. सुभेदारांनी शब्द हवेतच धरून ठेवला होता. सूर लांबला, लांबतच राहिला.

हवालदाराची टाच पडली.

गोळी सुटावी तसा आवाज झाला. एकच. तो मंडपापर्यंत गेला आणि परत आला. हुकूम झालाच नव्हता. साठ माणसे पाय फाकून स्तब्ध उभी होती आणि त्यांच्यापुढे, पहिल्या रांगेत, पाच सोनेरी पट्ट्यांचा एक माणूस एकटाच सावधान उभा होता.

कानशिलांतून रक्त चढत असताना त्याने दुसऱ्या आवाजाची वाट पाहिली. तो येणारच. डाव्या टोकाकडून, ढिल्या नालेचा. तळव्यांनी ऐकणारा माणूस आता फसणार, आणि आपण फसवले म्हणून फसणार. त्याने डोळे मिटले.

मागे काहीच वाजले नाही.

वारा ध्वजाची दोरी खांबावर आपटत होता. कुठेतरी एक जण खोकला.

"...सावऽधान!"

साठ टाचा एकदम पडल्या. त्यांत मागच्या रांगेतून, डाव्या टोकाकडून, तो टणत्कार आला. केसभर आधी नाही, केसभर उशिरा नाही. शब्द सुटला आणि टाच पडली, ज्याला शब्द ऐकू येतो त्याची पडते तशी.

हवालदाराने डोळे उघडले. पुढे अर्धा तास परेड चालली. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, सलामी. तो सारे हुकूम पाळत होता, आणि प्रत्येक हुकुमामागे एकच टाच ऐकत होता. ती एकदाही चुकली नाही. करंगळीवाचून ती जरा जास्तच अचूक पडत होती.

परेड सुटल्यावर कोठीवाल्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. "काय हवालदार! सोनं अंगावर चढलं की माणूस उतावळा होतो म्हणायचा!" चार-पाच जण हसले. "होतं, होतं पहिल्या दिवशी," कुणीतरी म्हणाले. त्या हसण्यात विखार नव्हता. इतक्या वर्षांत लोक त्याच्या तोंडावर प्रथमच हसत होते. एरवी ते हसणे तो पुढे गेल्यावर ऐकू येई. त्याला बरे वाटायला हवे होते. "चहाला येतोस ना?" कोठीवाल्याने विचारले.

"येतो मागून," हवालदार म्हणाला आणि मोटारखान्याकडे वळला.

*

ड्रायव्हर ट्रकच्या पायरीवर बसून चहा पीत होता. दुसरा पेला त्याने बशी झाकून ठेवला होता.

हवालदार जाऊन बसला. कसा कोण जाणे, डाव्या बाजूला बसला.

"निभावलं बाबा," ड्रायव्हर म्हणाला, पेल्यात पाहत. "तुझी टाच अशी थेट तळव्यात आली. नाहीतर आज गेलोच होतो."

हवालदाराने बशी काढली. चहावर साय धरली होती. खिशात हात घातला तेव्हा बोटांना लाल लोकर लागली, पाचही तुकडे, सुटलेल्या टाक्यांसकट. एक प्रश्न त्याच्या ओठांपर्यंत आला होता, फारच लहान, तीन शब्दांचा. या बाजूने कितीही हळू विचारला तरी तो पोचला असता, हे आता त्याला माहीत होते. त्याला ती गुरुवारची दुपार आठवली. पायांशी पिशवी. तिच्याकडे एकदाच वळून परतलेली नजर.

रस्त्यापलीकडे मास्तरांनी खोली उघडली असावी. वाऱ्यावरून मशीनचा आवाज आला, दोन फेऱ्या सरळ आणि मग ती बारीक कुरकुर. ड्रायव्हरचे डोके आपोआप तिकडे वळले, कपाळाला आठी पडली, आणि त्याच क्षणी ते जिथल्या तिथे थबकले. तो तसाच राहिला. पेला धरलेला हातही हलला नाही.

हवालदार चहा घेऊन उठला. पायरीला वळसा घालून तो पलीकडे गेला, ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, आपल्या नेहमीच्या जागी बसला, आणि त्याने नेहमीसारखा आवाज चढवला.

"पुढच्या शनिवारी आणखी जोरात मारीन!"

ड्रायव्हरने मान डोलावली. ती बराच वेळ डोलतच राहिली.

"मार," तो म्हणाला. "मी आहेच मागे."